कणांच्या गणितातून पाण्याची लाट

घागर तिरपी करताच पाण्याची धार पडते. तळ्यात दगड टाकला की तुषार उडतात. समुद्राची लाट उथळ किनाऱ्याजवळ आली की तिचा माथा पुढे झुकतो आणि कोसळतो. या घटना लहान मुलाच्याही परिचयाच्या आहेत. परंतु घागरीची धार किती अंतर खाली गेल्यावर तुटेल, दगडाने उडालेले तुषार किती उंच जातील, किंवा कोसळणारी लाट बांधाच्या भिंतीवर किती जोराने आदळेल, असे प्रश्न विचारले की निष्णात गणितज्ञही अडखळतो. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणिताची एक वेगळी रीत विकसित झाली. तीत पाण्याची अखंड राशी ही असंख्य लहान कणांची बनलेली आहे असे मानतात आणि प्रत्येक कणाच्या हालचालीचा हिशेब संगणकाकडून करवून घेतात. या रीतीची ओळख करून देणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

मुक्त पृष्ठभागाची अडचण

नळातून वाहणाऱ्या पाण्याची सीमा आधीपासून ठाऊक असते. नळाची भिंत हीच ती सीमा होय. पाणी कितीही वेगाने वाहिले तरी ती भिंत जागची हलत नाही. नदी, तलाव, समुद्र किंवा अर्धी भरलेली टाकी यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पाण्याच्या वरच्या बाजूस हवा असते आणि पाणी व हवा यांच्यामधील सीमा सतत हलत असते. या सीमेला मुक्त पृष्ठभाग असे म्हणतात. पाणी कसे वाहील हे पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून असते, आणि पृष्ठभागाचा आकार पाणी कसे वाहते यावर अवलंबून असतो. जे शोधावयाचे तेच गणिताच्या आरंभी गृहीत धरावे लागते, ही खरी अडचण आहे.

द्रवाच्या गतीचे नियम मात्र फार पूर्वीच सापडले आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलर याने ते प्रथम मांडले. १८२२ साली फ्रेंच अभियंता नाविए याने आणि १८४५ साली इंग्लंडमध्ये स्टोक्स याने त्यांत श्यानतेची, म्हणजे द्रवाच्या अंतर्गत घर्षणाची, भर घातली. ही समीकरणे आजही प्रमाण मानली जातात. परंतु कागद व लेखणी यांच्या साहाय्याने ती पूर्णपणे सुटावीत असे प्रसंग थोडे आहेत. १८९२ साली रिटर याने असा एक प्रसंग सोडविला. सपाट, कोरड्या जमिनीवर उभे असलेले धरण एका क्षणात नाहीसे झाले, तर पाण्याची आघाडी किती वेगाने पुढे धावेल, हा तो प्रसंग होय. घर्षण नाही असे मानल्यास आघाडीचा वेग हा पाण्याची खोली व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट येतो. एक मीटर खोलीसाठी हा वेग सेकंदास सुमारे ६.३ मीटर भरतो, आणि २५ मीटर खोलीसाठी सुमारे ३१ मीटर. उत्तर सुटसुटीत आहे. पण जमीन उंचसखल असली, वाटेत भिंत आली किंवा लाट स्वतःवरच उलटून कोसळली, की रिटरचे सूत्र निरुपयोगी ठरते.

वायोंतची प्रतिकृती

गणित जेथे थांबते तेथे अभियंते लहान प्रतिकृती बांधून प्रयोग करीत आले आहेत. ही पद्धती उपयुक्त आहे, आणि तिने अनेक धरणे व बंदरे सुरक्षित केली आहेत. तिचे सामर्थ्य व तिचा धोका ही दोन्ही ज्या एका घटनेतून स्पष्ट दिसतात, ती उत्तर इटलीतील वायोंत या अरुंद दरीत घडली.

या दरीत २६१.६ मीटर उंचीचे एक कमानी धरण बांधण्यात आले. त्या काळी ते जगातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. जलाशयात पाणी चढू लागले तेव्हा दक्षिणेकडील तोक पर्वताचा उतार हलत असल्याची चिन्हे दिसू लागली. नोव्हेंबर १९६० मध्ये सुमारे सात लाख घनमीटरांचा एक कडा पाण्यात कोसळला आणि पर्वताच्या अंगावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग उमटली. मोठा कडा कोसळल्यास किती उंचीची लाट उठेल, हे जाणून घेण्यासाठी पादुआ विद्यापीठातील प्राध्यापक ऑगुस्तो गेत्ती यांच्या मार्गदर्शनाखाली नोवे येथे जलाशयाची प्रतिकृती बांधण्यात आली. तिचे प्रमाण १:२०० होते. त्या प्रतिकृतीतील एक सेंटिमीटर उंचीची लाट म्हणजे प्रत्यक्षातील दोन मीटरांची लाट. काळाचे प्रमाण मात्र २०० पट नसून त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १४ पट असते. प्रत्यक्षातील एक मिनिट प्रतिकृतीत सव्वाचार सेकंदांत संपते. डोंगराच्या कड्याच्या जागी खडी वापरण्यात आली आणि कोसळणारे आकारमान सुमारे चार कोटी घनमीटर गृहीत धरण्यात आले. १९६२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांवर ठेवली तर मोठ्यात मोठा कडा कोसळला तरी भय नाही.

९ ऑक्टोबर १९६३ रोजी रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी तोक पर्वताचा उतार घसरला. पातळी त्या वेळी ७०० मीटरांच्या आसपास होती. घसरलेल्या खडकाचे आकारमान चार कोटी नव्हे, तर सुमारे २७ कोटी घनमीटर होते. तो खडीप्रमाणे सुटा होऊन आला नाही. जवळजवळ एकसंध राशीच्या रूपाने, एका मिनिटाहून कमी वेळात तो दरीत उतरला. समोरच्या उतारावर पाणी दोनशे मीटरांहून अधिक उंच चढले. सुमारे अडीच ते तीन कोटी घनमीटर पाणी धरणाच्या माथ्यावरून पलीकडे गेले आणि काही मिनिटांतच खालच्या पिआवे नदीच्या खोऱ्यातील लोंगारोने हे गाव व आसपासच्या वाड्या धुऊन गेल्या. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. धरण मात्र जागच्या जागी उभे राहिले. ते आजही उभे आहे.

प्रतिकृतीतील पाण्याने निसर्गनियमांचा भंग केला नव्हता. तिच्यात जे घातले गेले होते त्याचेच उत्तर तिने दिले. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढील विवेचन वाचणे इष्ट होईल, कारण संगणकावरील गणित हीदेखील एक प्रतिकृतीच असते.

घाटावरचा निरीक्षक आणि वाहता ओंडका

नदीचा प्रवाह दोन प्रकारे पाहता येतो. एक निरीक्षक घाटाच्या पायरीवर बसून आपल्यासमोरून जाणाऱ्या पाण्याचा वेग दर क्षणी टिपून ठेवतो. त्याची जागा ठरलेली असते. पाणी मात्र दर क्षणी नवे असते. दुसरा निरीक्षक प्रवाहात सोडलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर स्वार होतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जाता जाता आपला वेग टिपतो. त्याची जागा बदलत राहते, पण सोबतचे पाणी तेच असते. पहिल्या दृष्टीला ऑयलरची आणि दुसरीला लाग्रांजची दृष्टी म्हणण्याचा प्रघात आहे.

संगणकावरील द्रवगतिकीची बहुतेक गणिते पहिल्या दृष्टीने केली जातात. अवकाशाचे चौकोनी घर पाडतात आणि प्रत्येक घरातील दाब व वेग यांची नोंद ठेवतात. एका घरातून दुसऱ्या घरात किती द्रव गेला याचा हिशेब क्षणाक्षणाला होतो. नळातील किंवा विमानाच्या पंखाभोवतीच्या प्रवाहासाठी ही रीत उत्तम आहे. मुक्त पृष्ठभाग आला की मात्र तिच्यात एक दोष उत्पन्न होतो. एखादे घर पाण्याने अर्धे भरले असेल, तर ते अर्धे पाणी घराच्या तळाशी आहे की एका बाजूस आहे, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. शिवाय घरोघरी सरासरी घेत गेल्याने पाणी व हवा यांची रेखीव सीमा हळूहळू पुसट होते. सुती कापडावर पडलेला शाईचा थेंब जसा पसरतो, तसाच हा प्रकार होय.

खुणेचे कण

या अडचणीवरील पहिला यशस्वी उपाय अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगशाळेत निघाला. तेथील फ्रान्सिस हार्लो यांनी १९५० नंतरच्या दशकातच घरांचे जाळे आणि कण यांचा संयोग करणारी एक पद्धती मांडली होती. १९६५ साली हार्लो आणि वेल्च यांनी मुक्त पृष्ठभागासाठी खास पद्धती प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की दाब व वेग यांचे गणित घरांच्या जाळ्यावरच होते, पण पाण्यात वस्तुमान नसलेले असंख्य खुणेचे कण सोडलेले असतात. हे कण प्रवाहाबरोबर नुसते वाहतात. ज्या घरात खुणेचे कण आहेत ते पाण्याचे घर, ज्यात नाहीत ते रिकामे घर, आणि कण असूनही ज्याच्या शेजारी रिकामे घर आहे ते पृष्ठभागाचे घर. पुराचे पाणी कोठवर चढले हे दाखविण्यासाठी खांबावर खूण करतात, तशीच ही खूण होय. या पद्धतीने कोसळणाऱ्या पाण्याची आणि पाण्यात पडणाऱ्या थेंबाच्या तुषारांची चित्रे संगणकाने प्रथमच रेखाटली. थेंबांच्या तुषारांची छायाचित्रे वर्दिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच घेतली होती. त्यांतील मुकुटासारखा आकार आता गणितातूनही प्रकट झाला.

तथापि खुणेच्या कणाला स्वतःचे वजन नसते. खरा हिशेब जाळ्याचाच असतो. जाळे अजिबात काढून टाकून सर्व हिशेब कणांच्याच हाती सोपविता येईल का, हा पुढचा प्रश्न होता.

ताऱ्यांकडून पाण्याकडे

या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या अभ्यासकांनी शोधले नाही, ते खगोलशास्त्रातून आले. वायूचा प्रचंड गोळा फिरता फिरता दुभंगून त्याचे दोन तारे होतात का, याचा शोध काही शास्त्रज्ञ घेत होते. अवकाशात भिंती नसतात, वायूच्या गोळ्याला ठरीव आकार नसतो, आणि त्याच्या सभोवतीचे बहुतेक अवकाश रिकामे असते. अशा रिकाम्या अवकाशात घरांचे जाळे पसरणे म्हणजे संगणकाचा वेळ व्यर्थ दवडणे होय. १९७७ साली लूसी यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनहन यांनी, वायूचे कणांत विभाजन करून जाळ्याविना गणित करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. इंग्रजीतील ‘स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स’ या तिच्या नावाचा अर्थ मराठीत ‘मृदुकृत कणांची द्रवगतिकी’ असा सांगता येईल.

ताऱ्यांवरून ही पद्धती पाण्यापर्यंत येण्यास सतरा वर्षे लागली. १९९४ साली मोनहन यांनी तिचा उपयोग फुटलेले धरण, किनाऱ्यावर चढणाऱ्या लाटा अशा प्रसंगांसाठी करून दाखविला. जपानमध्ये टोकियो विद्यापीठातील कोशिझुका आणि ओका यांनी १९९६ साली तिच्याशी नाते असलेली, पण दाबाचे गणित वेगळ्या रीतीने करणारी एक कणपद्धती मांडली. अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा विचार करताना द्रवाचे लोट फुटून त्यांचे तुकडे कसे होतात हे त्यांना जाणावयाचे होते. जाळ्याच्या पद्धतीला नेमके हेच अवघड जात असे.

एका कणाचा हिशेब

या पद्धतीतील कण म्हणजे पाण्याचा रेणू नव्हे, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. एक घनमीटर पाण्याचे एकेक सेंटिमीटर अंतरावरील कणांत विभाजन केले, तर दहा लाख कण होतात आणि प्रत्येक कण एक ग्रॅम पाण्याचा प्रतिनिधी असतो. त्या एका ग्रॅमात रेणूंची संख्या अगणित असते. कणाजवळ स्वतःचे वस्तुमान, स्थान, वेग, घनता आणि दाब एवढी शिदोरी असते.

घनता कशी काढावयाची, हे जत्रेच्या उदाहरणाने समजेल. जत्रेत उभ्या असलेल्या एखाद्या माणसाला आपल्याभोवती गर्दी किती आहे हे ठरवावयाचे असेल, तर संपूर्ण मैदान मोजण्याचे त्याला कारण नाही. आपल्याभोवती चार-पाच हातांच्या अंतरात किती माणसे आहेत एवढे त्याने पाहिले की पुरे. अगदी अंगाला लागून असलेल्या माणसाला तो अधिक महत्त्व देईल, थोड्या लांबच्या माणसाला कमी देईल, आणि ठरावीक अंतरापलीकडच्या माणसाचा विचारच करणार नाही. कणपद्धतीत हेच करतात. अंतर वाढत जाईल तसतसे महत्त्व कमी करणारा आणि ठरावीक अंतरावर शून्य होणारा एक घंटेच्या आकाराचा वक्र घेतात. त्यानुसार शेजारी कणांच्या वस्तुमानांची भारित बेरीज केली की त्या जागची घनता मिळते. सुट्या कणांच्या ठिपक्यांतून सलग द्रव उभा राहतो तो या बेरजेमुळे. ‘मृदुकृत’ या शब्दाचा अर्थ हाच.

घनता कळली की दाब काढतात. जेथे कणांची दाटी झाली तेथे दाब अधिक, जेथे ते विरळ झाले तेथे कमी. अधिक दाबाचा कण शेजाऱ्याला दूर लोटतो. शेजाऱ्याचा वेग आपल्याहून वेगळा असेल तर श्यानता त्यांच्यातील फरक कमी करू पाहते. गुरुत्वाकर्षण सर्वांनाच खाली ओढते. या तिन्ही बलांची बेरीज केली की न्यूटनच्या नियमाप्रमाणे कणाचे त्वरण मिळते. त्यावरून पुढच्या क्षणाचा वेग, आणि वेगावरून पुढच्या क्षणाचे स्थान. मग पुन्हा घनता, पुन्हा दाब, पुन्हा त्वरण. असे हे चक्र हजारो वेळा फिरत राहते.

या रीतीत दोन गुण आपोआप साधतात. प्रत्येक कण आपले वस्तुमान बरोबर घेऊन हिंडत असल्यामुळे पाणी कोठे हरवत नाही आणि नव्याने उत्पन्नही होत नाही. आणि एक कण दुसऱ्याला जेवढे लोटतो तेवढेच दुसरा पहिल्याला लोटतो, अशी योजना असल्यामुळे संवेगाचा हिशेबही चुकत नाही. शिवाय पृष्ठभाग शोधण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही. जेथे कण आहेत तेथे पाणी, जेथे नाहीत तेथे हवा. लाट फुटून तिचे शंभर तुकडे झाले आणि ते पुन्हा एकत्र आले, तरी गणिताच्या रीतीत काहीही बदल करावा लागत नाही.

पाणी किती दबते

पाणी दबत नाही असे आपण व्यवहारात मानतो. वस्तुतः ते अत्यल्प दबते, आणि म्हणूनच त्यातून ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. येथेच कणपद्धतीपुढे एक पेच उभा राहतो. कूरां, फ्रीडरिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली दाखवून दिले होते की, अशा गणितात एका पावलाचा काळ हा ध्वनीला एका कणापासून शेजारच्या कणापर्यंत जाण्यास लागणाऱ्या काळाहून मोठा असता कामा नये. नाही तर उत्तरे भडकतात. कण एक सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ध्वनीला एवढे अंतर जाण्यास सेकंदाचा दीड लाखावा भाग पुरतो. म्हणजे पाण्याच्या एका सेकंदाच्या हालचालीसाठी चक्र किमान दीड लाख वेळा फिरवावे लागेल.

मोनहन यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. फुटलेल्या धरणाच्या पाण्यावर ध्वनीच्या खऱ्या वेगाचा काहीच परिणाम होत नाही. तेव्हा गणितापुरते पाणी थोडे मऊ मानावे. प्रवाहाचा जो सर्वांत अधिक वेग अपेक्षित असेल त्याच्या सुमारे दसपट वेग ध्वनीला द्यावा. असे केल्यास घनतेतील फरक शेकडा एकच्या आसपास राहतो आणि डोळ्यांना पाणी पाण्यासारखेच वागताना दिसते. प्रवाहाचा कमाल वेग सेकंदास पाच मीटर असेल, तर ध्वनीचा मानलेला वेग पन्नास मीटर होईल आणि दीड लाख पावलांच्या जागी पाच हजार पावले पुरतील. काम तिसाव्या हिश्शावर आले. कोशिझुका व ओका यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या पद्धतीत पाणी अजिबात दबत नाही असेच मानतात आणि दर पावलाला सर्व कणांच्या दाबांचे एक मोठे समीकरण एकदम सोडवितात. पावले मोठी पडतात, पण प्रत्येक पाऊल जड असते.

तरीही हे काम मोठेच आहे. दहा लाख कण, प्रत्येकाचे साठ-सत्तर शेजारी आणि पाच हजार पावले, असा हिशेब धरला तर पाण्याच्या एका सेकंदासाठी सुमारे ३५ हजार कोटी शेजारसंबंध तपासावे लागतात. त्यातही शेजारी कोण हे आधी शोधावे लागते. प्रत्येक कणाने उरलेल्या सर्वांशी आपले अंतर मोजावयाचे म्हटले, तर गणित कधीच संपणार नाही. म्हणून अवकाशाचे लहान लहान पेटारे कल्पितात आणि प्रत्येक कण केवळ आपल्या व लगतच्या पेटाऱ्यांत शोध घेतो. पोस्टमन जसा गल्लीवार पत्रे लावून घेतो, तशीच ही युक्ती आहे. कणांतील अंतर निम्मे केले की कणांची संख्या आठपट होते, पावलांची संख्या दुप्पट होते, आणि एकूण काम सोळापट वाढते. मूळ चित्रे काढण्यासाठी बनविलेले संगणकाचे भाग या कामासाठी उपयोगी आहेत असे एकविसाव्या शतकात आढळून आले, आणि त्यानंतर एक अब्जाहून अधिक कणांची गणितेही झाली आहेत.

कडेचे कण

जत्रेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला एकाच बाजूस माणसे दिसतात, दुसऱ्या बाजूस मोकळे रान असते. गर्दी खरोखर दाट असली तरी त्याची मोजणी निम्मी भरते. पाण्याच्या पृष्ठभागावरील कणाची हीच स्थिती होते. घनता कमी भरल्यामुळे दाबही चुकतो. हा पद्धतीचा दोष आहे, आणि तो दूर करण्यासाठी बेरजेत निरनिराळ्या दुरुस्त्या सुचविण्यात आल्या आहेत. जपानी पद्धतीत मात्र याच दोषाचा उपयोग करून घेतला आहे. ज्या कणाभोवतीची दाटी नेहमीच्या दाटीच्या शेकडा ९७ हून कमी भरेल, तो पृष्ठभागाचा कण असे समजून त्याचा दाब शून्य, म्हणजे बाहेरच्या हवेइतका, धरतात.

भिंतीजवळही अशीच अडचण येते. तेथे पाणी थांबले पाहिजे, पण भिंतीपलीकडे कण नसल्यामुळे आतल्या कणाला अडविणारे कोणी नसते. म्हणून भिंतीच्या आत न हलणाऱ्या कणांचे दोन-तीन थर बसवितात. यांशिवाय आणखीही व्याधी आहेत. कधी कण निष्कारण एकमेकांना चिकटून पुंजके करतात. कधी दाबाचे आकडे क्षणाक्षणाला एवढे वरखाली होतात की, लाटेचा आकार उत्तम दिसत असूनही भिंतीवरील आघाताचा आकडा विश्वासार्ह नसतो. गणित भडकू नये म्हणून घातलेल्या कृत्रिम श्यानतेमुळे लांबवर जाणारी लाट खऱ्यापेक्षा लवकर थकते.

कसोटी

यामुळेच कणांचे गणित प्रयोगावर घासून पाहणे आवश्यक ठरते. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोग संगणकाच्या बाल्यावस्थेतील आहे. मार्टिन आणि मॉइस यांनी १९५२ साली पाण्याचे लहान स्तंभ एकाएकी मोकळे सोडून त्यांची आघाडी किती वेगाने पुढे सरकते आणि मागची उंची किती वेगाने उतरते, याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगाचे आकारमान टेबलावर मावेल एवढेच होते. तरी नवी कणपद्धती मांडणारा संशोधक आजही बहुधा प्रथम याच मोजमापांशी आपले आकडे ताडून पाहतो. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. तेच गणित लहान कण घेऊन पुन्हा करावे. उत्तर लक्षणीय बदलले, तर पहिल्या उत्तरावर विसंबता येत नाही.

या कसोट्यांतून पद्धतीची योग्य कामे कोणती हे ठरत गेले. समुद्रातील बांधावर आदळणारी लाट, जहाजाच्या टाकीत हिंदकळणारे तेल, जलाशयात कोसळणारा कडा, अशा प्रसंगी पृष्ठभाग फुटतो व उलटतो. तेथे ही पद्धती शोभते. पण फुटलेल्या धरणाचा पूर नदीच्या पात्रातून कित्येक किलोमीटर वाहत जातो, तेव्हा पाण्याची खोली रुंदी-लांबीच्या मानाने थोडी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात आलेला पूर हा अशा पुरांपैकी होय. तेथे उथळ पाण्याची जुनी समीकरणेच अधिक सोयीची व पुरेशी असतात.

पुन्हा वायोंत

२०१३ साली इटलीतील पार्मा विद्यापीठाच्या संशोधकांनी वायोंतच्या लाटेचे कणपद्धतीने केलेले त्रिमितीय गणित प्रसिद्ध केले. आपत्तीनंतर दरीच्या उतारांवर पाण्याने सोडलेल्या खुणा कोठवर होत्या, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांच्याशी अशा गणिताची तुलना करता येते. म्हणून वायोंत हा या पद्धतीच्या अभ्यासकांना एक कठोर परीक्षेचा विषय वाटतो.

या गणितातील कणांचे आकारमान ध्यानात घेण्यासारखे आहे. अपघाताच्या वेळी जलाशयात सुमारे साडेअकरा कोटी घनमीटर पाणी होते. कण पाच-पाच मीटर अंतरावर मानले, तरी त्यांची संख्या नऊ लाखांवर जाते आणि प्रत्येक कण १२५ टन पाण्याचा प्रतिनिधी ठरतो.  अशा कणांतून लाटेची उंची व तिचा रोख कळू शकतो, पण तुषार, पाण्यात मिसळलेली हवा किंवा घराच्या दारावर पडणारा जोर कळत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कडा किती मोठा, तो एकसंध घसरणार की सुटा होऊन, आणि किती वेळात दरीत उतरणार, हे पाण्याच्या गणितातून निघत नाही. ते त्याला बाहेरून सांगावे लागते. १९६३ नंतर ते पुराव्यावरून सांगता आले. १९६१ साली ते भूगर्भशास्त्रज्ञांच्या अंदाजावर आणि त्या अंदाजाच्या निवडीवर अवलंबून होते. नोवे येथील टाकीच्या जागी आजचा एखादा प्रबळ संगणक असता आणि त्याला चार कोटी घनमीटर खडी एवढाच मजकूर दिला असता, तर त्यानेही ७०० मीटरांची पातळी सुरक्षित असल्याचेच सांगितले असते, आणि तेही अधिक सुबक चित्रांसह.

संगणकाला एक लाभ मात्र निश्चित आहे. टाकी नव्याने बांधण्यास महिने लागतात, पण आकडे बदलण्यास काही क्षण पुरतात. कडा चार कोटींचा असेल तर काय, दहा कोटींचा असेल तर काय, सत्तावीस कोटींचा असेल तर काय, अशी सर्व उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहता येतात, आणि कोणत्या गृहीतकाने उत्तर सर्वाधिक बदलते हे उघड होते. धरणाखालच्या गावात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त माहिती हीच असते. यापुढे एखाद्या जलाशयाच्या सुरक्षिततेचा अहवाल संगणकाच्या रंगीत चित्रांसह लोकांपुढे येईल, तेव्हा कण किती लाख घेतले होते, या प्रश्नाआधी डोंगराचा कडा किती मोठा मानला होता आणि तो कोणी ठरविला, हे विचारण्याचा अधिकार त्या गावाला असला पाहिजे.